परक्या पडद्यावरचे आपले घर : कोरियन व जपानी मालिकांविषयी काही विचार

(एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २)

आपल्या महाविद्यालयात सध्या दोन तट पडलेले आहेत. एक तट कोरियन मालिका बघणाऱ्यांचा आणि दुसरा त्यांना हसणाऱ्यांचा. लेडीज रूममध्ये, एस. टी. च्या थांब्यावर किंवा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एखाद्या मालिकेचे नाव निघाले की पहिल्या तटाचे डोळे चमकतात आणि दुसरा तट म्हणतो, "चेहरे सारखे, नावे सारखी, भाषा कळत नाही, त्यात बघण्यासारखे आहे तरी काय?" वडीलधाऱ्यांचे मत याहून कडक आहे. त्यांच्या मते हे एक खूळ आहे, मोबाईलबरोबर घरात शिरले आणि मोबाईलबरोबरच जाईल.

मी पहिल्या तटातली आहे, हे आधीच सांगून टाकते. तथापि, एखादी गोष्ट आवडते एवढ्याने तिचे समर्थन होत नाही. ती का आवडते, तिच्यात खरे किती व खोटे किती, हे तपासून पाहिले पाहिजे. साहित्याच्या तासाला आपण कादंबरीची जशी चिकित्सा करतो, तशी या मालिकांची का करू नये? प्रस्तुत लेखात तसा एक लहानसा प्रयत्न केला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : आमच्यापैकी पुष्कळजण या मालिका परक्या देशाच्या नवलाईसाठी पाहत नाहीत. आपल्या मालिकांनी जे घर दाखवायचे सोडून दिले, ते आपलेच घर आम्हांला तेथे दिसते.

या मालिका आपल्यापर्यंत कशा आल्या?

हे सारे काल-परवाचे आहे असे अनेकांना वाटते. वस्तुतः या परंपरेला साठ वर्षांहून अधिक काळ झाला आहे. जपानमधील एन. एच. के. ही सार्वजनिक प्रसारण संस्था १९६१ पासून सकाळच्या वेळी छोट्या भागांची मालिका दाखवीत आली आहे. घरातली माणसे न्याहारी करता करता ती पाहतात. याच प्रथेतून ४ एप्रिल १९८३ रोजी 'ओशिन' ही मालिका सुरू झाली आणि ३१ मार्च १९८४ ला संपली. सुगाको हाशिदा या लेखिकेने लिहिलेल्या या मालिकेचे २९७ भाग झाले. जपानमध्ये तिला सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षक लाभले आणि एका भागाला तर ६२.९ टक्के. पुढे साठाहून अधिक देशांत ती दाखविली गेली.

ओशिन ही १९०१ साली यामागाता प्रांतातील एका कुळाच्या घरात जन्मलेली मुलगी. घरात तांदूळ पुरत नाही, म्हणून त्यात मुळा चिरून घालायचा आणि तेवढ्यावर सर्वांचे पोट भरायचे. सात वर्षांच्या ओशिनला एका पोत्याभर तांदळाच्या मोबदल्यात दुसऱ्याच्या घरी मूल सांभाळायला पाठविले जाते. माझी आजी १९७२ च्या दुष्काळातल्या मिलोच्या भाकरीविषयी सांगते. ते ऐकलेल्या कोणालाही हा मुळा घातलेला भात परका वाटणार नाही.

कोरियन मालिकांची लाट त्यानंतर वीस वर्षांनी आली. २००२ ची 'विंटर सोनाटा' ही मालिका जपानमध्ये २००३ साली दाखविली गेली आणि तिने तेथे मोठी खळबळ उडविली. २००३-०४ मध्ये 'दे जांग गम' ही चौपन्न भागांची ऐतिहासिक मालिका आली. राजवाड्याच्या स्वयंपाकघरात काम करणारी एक अनाथ मुलगी पुढे राजाची वैद्य होते, अशी ती कथा. २००६ च्या सुमारास ती आपल्या दूरदर्शननेही हिंदीत दाखविली होती. म्हणजे कोरियन मालिका प्रथम मोबाईलनेच आणली, असे नाही.

आपल्या देशात या मालिकांचे पहिले मोठे घर मात्र मणिपूर ठरले. २००० साली तेथील एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. रिकाम्या झालेल्या पडद्यावर कोरियाची 'आरिरांग' वाहिनी आणि कोरियन चित्रपटांच्या तबकड्या आल्या. एका ठिकाणची जागा रिकामी झाली की दुसरीकडची गोष्ट येऊन ती भरते, हा नियम येथे स्पष्ट दिसतो. तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्याकडेही काहीसे असेच घडले.

फरक इतकाच की आमच्याकडे कोणी बंदी घातली नव्हती. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले, पण तासगाव तालुक्यातल्या वाडीवस्तीवर त्याचा काही पत्ता नव्हता. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली. ऐन हंगामात बाजार बंद पडले आणि पुष्कळ बागायतदारांना तोडलेली द्राक्षे बेदाण्याला घालावी लागली. त्याच वर्षी ऑनलाईन शाळेसाठी घरोघर मोबाईल घ्यावे लागले. मी तेव्हा आठवीत होते. शाळेचा तास संपल्यावर मोबाईल हातात राही, आणि कोरियन मालिका हिंदीत फुकट बघायला मिळत. १७ सप्टेंबर २०२१ ला 'स्क्विड गेम' आली आणि मग मुलांच्या घोळक्यातही कोरियाचे नाव ऐकू येऊ लागले. आमच्या पिढीला हे वेड लागले ते असे, शिकण्यासाठी घेतलेल्या मोबाईलवाटे.

जी गोष्ट संपते ती गोष्ट

या मालिकांचा पहिला गुण अगदी साधा आहे : त्या संपतात. बहुतेक कोरियन मालिका सोळा किंवा वीस भागांच्या असतात आणि आठवड्याला दोन भाग दाखविले जातात. जपानी मालिका तर एका ऋतूपुरत्या, दहा-अकरा भागांच्या असतात. न्यायाने सांगायचे तर कोरियातही शंभराहून अधिक भागांच्या रोजच्या मालिका आहेत आणि त्यांत सासू-सुनेची भांडणेही आहेत. आपल्यापर्यंत पोहोचतात त्या प्रामुख्याने आटोपशीर मालिका.

आपल्याकडे 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ अशी बारा वर्षे चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. नावात दिवस चार, प्रत्यक्षात वर्षे बारा! मी हे चेष्टेने म्हणत नाही. आमच्या गल्लीतल्या बायांनी त्या मालिकेबरोबर आपल्या आयुष्याची बारा वर्षे काढली, यात त्या मालिकेचे सामर्थ्यही आहे. परंतु लांबीचा परिणाम गोष्टीच्या आतड्यापर्यंत पोहोचतो. ज्या गोष्टीला शेवट नाही, तिच्यातल्या माणसाला बदलता येत नाही. खलनायिका सुधारली तर उद्याचा भाग कशावर चालवायचा? गैरसमज मिटला तर पुढच्या आठवड्यात काय दाखवायचे? म्हणून गैरसमज मिटत नाही, खलनायिका सुधारत नाही आणि नायिकेला सहन करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सहनशीलता हा तेथे गुण राहत नाही. मालिका चालू ठेवण्याची ती सोय बनते.

सोळा भागांत गोष्ट संपवायची असेल तर लेखकाला शेवट माहीत असावा लागतो, आणि शेवटाकडे जायचे म्हणजे माणसाला बदलावेच लागते. हे काही केवळ कोरियन लोकांनाच साधलेले नाही. आपल्या दूरदर्शनवरही पूर्वी तेरा भागांच्या मालिका होत असत, आणि 'चिमणराव'मधील दिलीप प्रभावळकर आमच्या आधीच्या दोन पिढ्यांना आजही आठवतात. त्या परंपरेचा धागा आपणच सोडला. रोजचा भाग, रोजच्या जाहिराती आणि दर आठवड्याची टी. आर. पी. यांच्या रेट्यात गोष्टीला शेवट करण्याची फुरसत उरली नाही.

कष्ट आणि ताट

दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. या मालिकांतील चांगल्या मालिकांत माणसे काम करताना दिसतात. आपल्या मालिकांत नायक 'बिझनेसमन' असतो, पण तो कशाचा व्यापार करतो हे शेवटपर्यंत कळत नाही. घरात दहा माणसे भरजरी साड्या व दागिने घालून दिवाणखान्यात उभी असतात. धुणे कोण धुते, दूध कोण आणते, किराणा उधारीवर येतो की रोखीने, हे प्रश्न तेथे पडत नाहीत.

'मिडनाईट डायनर' ही जपानी मालिका २००९ साली सुरू झाली. टोकियोतल्या एका बोळात एक लहानशी खाणावळ आहे. ती मध्यरात्री उघडते आणि सकाळी सातला बंद होते. पाटीवर पदार्थ एकच, डुकराच्या मांसाचे सूप; पण गिऱ्हाईक जे मागेल ते, सामान असेल तर, मालक करून देतो. दर भागात एक पदार्थ आणि त्या पदार्थामागचे एक माणूस. टॅक्सी चालविणारा, रात्रपाळी करणारी, गुंडगिरीत आयुष्य गेलेला असे सारे त्या फळीवर शेजारी शेजारी बसून जेवतात. अर्ध्या तासाची गोष्ट, पण तीत भूक, एकटेपण आणि शेजार या तिन्ही गोष्टी येतात.

'रिप्लाय १९८८' ही २०१५-१६ मधील वीस भागांची कोरियन मालिका. सोल शहरात ऑलिंपिक भरले त्या वर्षीची गोष्ट. एका बोळातली पाच कुटुंबे आणि त्यांची एकत्र वाढणारी मुले. पहिल्याच भागात एका आईने केलेली भाजी मुलाच्या हाती शेजारी पाठविली जाते, शेजारीण भांडे रिकामे परत न पाठविता त्यात आपल्याकडचे काही घालते, आणि मग साऱ्या बोळात मुलांची भांडी घेऊन धावपळ सुरू होते. हे दृश्य समजायला कोरियन भाषा यावी लागत नाही. कालवणाची वाटी शेजारी देऊन यायचे आणि येताना वाटी रिकामी आणायची नाही, हे आपल्याकडे लहानपणीच शिकविले जाते. त्या मालिकेतील लोक एकमेकांना भेटल्यावर "जेवलास का?" असे विचारतात. आपल्याकडेही दारावरून जाणाऱ्याला आधी तेच विचारतात.

२०२२ च्या 'माय लिबरेशन नोट्स'मधील तीन भावंडे राजधानीजवळच्या खेड्यातून रोज गाडीने सोलला नोकरीला जातात. त्यांचा दिवसाचा मोठा भाग प्रवासातच जातो. सुटीच्या दिवशी वडिलांबरोबर शेतात काम करावे लागते. एस. टी. चा पास खिशात घालून रोज तासगाव-सांगली करणाऱ्यांना आणि रविवारी बागेत विरळणीला जाणाऱ्यांना ही भावंडे आपल्या वर्गातली वाटतील.

आता ज्या मालिकेमुळे हा लेख लिहावासा वाटला, तिच्याविषयी. मार्च २०२५ मध्ये सोळा भागांची एक कोरियन मालिका आली. इंग्रजीत तिचे नाव 'व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरीन्स' असे आहे. जेजू बेटावर १९५१ साली जन्मलेल्या ए-सुन नावाच्या मुलीची ही कथा. तिची आई हेन्यो, म्हणजे प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय समुद्रात बुडी मारून शिंपले व गोगलगाई काढणारी बाई. या बायांच्या परंपरेला युनेस्कोने २०१६ साली सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पण मालिकेत वारसा वगैरे काही नाही, दम कोंडेपर्यंत केलेले काम आहे. ए-सुनला कवयित्री व्हायचे असते. शाळेत वर्गप्रमुखाच्या निवडणुकीत तिला अधिक मते पडतात, पण पद मिळते ते पैसेवाल्या घरच्या मुलाला. शिक्षण राहून जाते. पुढे तिची मुलगी गम-म्योंग शिकते, सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठात जाते, आणि तिला जपानला शिकायला पाठविण्यासाठी आईबाप राहते घर विकतात.

ही मालिका मी आईबरोबर पाहिली. आई बेदाणा निवडायला शेडवर जाते. संध्याकाळी तिच्या बोटांची कातडी ओढल्यासारखी झालेली असते. तिला इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत. म्हणून खालची इंग्रजी ओळ मी वाचावी आणि तिला मराठीत सांगावी, असा आमचा परिपाठ. घर विकण्याच्या भागाला तिने विचारले, "व्हय गं, ह्यांच्यात पण पोरीच्या शिक्षणाला घर इकत्यात?" मी होय म्हटले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग आमच्या शेडावरचं असलं कोण का दावत न्हाई?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि या लेखातला खरा प्रश्न हाच आहे.

त्या मालिकेत आणखी एक गोष्ट आहे, जी मी कोणत्याही मराठी मालिकेत पाहिलेली नाही. शिकलेल्या मुलीला आईबापांविषयी एकाच वेळी माया वाटते आणि चीड येते. त्यांनी आपल्यासाठी काय काय सोडले याचे ओझे तिच्या डोक्यावर असते, आणि ओझे देणाऱ्याचाच कधी कधी राग येतो. घरात पहिल्यांदा महाविद्यालयात आलेल्या मुलामुलींना हा अनुभव नवा नाही. आम्ही तो एकमेकांशीसुद्धा बोलत नाही. तो बोलण्यासारखा आहे, त्यात कृतघ्नपणा नाही, हे मला एका परक्या मालिकेने सांगितले. आपल्या मालिकांत खेड्यातली मुलगी शिकते ती बहुधा लग्नाच्या मांडवापर्यंत. शिकण्याने घरात काय होते, आई व मुलगी यांच्यात कोणता नवा अंतराय उभा राहतो आणि कोणता पूल बांधला जातो, इकडे कॅमेरा वळत नाही.

तू, तुम्ही आणि बोली

आईसाठी भाषांतर करताना मला एक गंमत कळली. इंग्रजी ओळीत सर्वांना एकच 'यू'. मराठीत सांगताना मात्र दर वेळी ठरवावे लागते, 'तू' म्हणायचे की 'तुम्ही'. कोरियन भाषेतही आदराची आणि जवळिकीची क्रियापदे वेगळी असतात. वयाने मोठ्या माणसाशी एका तऱ्हेने, बरोबरीच्याशी दुसऱ्या तऱ्हेने. मुलगा-मुलगी पहिल्यांदा 'तुम्ही'वरून 'तू'वर येतात तो क्षण म्हणजे एक मोठी घटना असते. इंग्रजी ओळीत ती हरवते. नवऱ्याला 'अहो' म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला मात्र ती आवाजावरून कळते. मोठ्या भावाला, मोठ्या बहिणीला नावाने हाक न मारता नात्याने हाक मारण्याची रीतही दोन्हीकडे आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, हेही साम्य. कोरियन मूल वडिलांना 'आप्पा' म्हणते, तेव्हा आमच्या घरातले आप्पाही चमकून मोबाईलकडे बघतात! अर्थात हा योगायोग आहे. मराठी व कोरियन या एका कुळातील भाषा नव्हेत. परंतु योगायोगानेही माणसे जवळ येतात.

याहून महत्त्वाची गोष्ट बोलीची. वर सांगितलेल्या जेजू बेटावरील मालिकेचे मूळ नाव प्रमाण कोरियन भाषेत नाही. ते त्या बेटाच्या बोलीत आहे. 'पोक्साक सोगात्सुदा', म्हणजे साधारणपणे 'फार कष्ट घेतलेत' असा त्याचा अर्थ. राजधानीतल्या प्रेक्षकालाही तो सहज कळणारा नव्हे. तरीही त्यांनी नाव बदलले नाही. आपल्याकडे मालिकेत आमची बोली येते ती बहुधा हसविण्यासाठी. 'तुझ्यात जीव रंगला' (२०१६ ते २०२१) सारख्या मालिकांनी कोल्हापूरकडची बोली नायकाच्या तोंडी दिली, हे मान्य केले पाहिजे. त्यामुळे आमच्याकडे त्या घराघरांत पाहिल्या गेल्या. पण शब्दांच्या शेवटी 'व्हय' आणि 'की' लावले म्हणजे बोली होत नाही. बोलीत बोलणाऱ्याचे काम, त्याचा विचार आणि त्याची लाजही आली पाहिजे.

दुसरी बाजू

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मी कोरियाची जाहिरात करीत आहे. तसे नाही. या मालिकांतील दोष उघड आहेत आणि ते नजरेआड करणे म्हणजे अभ्यासाला रजा देणे होय.

पहिला दोष असा की, पुष्कळ कोरियन प्रेमकथा म्हणजे राजपुत्र आणि गरीब मुलगी यांचीच जुनी गोष्ट आहे. राजपुत्राच्या जागी बड्या उद्योगघराण्याचा वारस येतो एवढेच. 'बॉईज ओव्हर फ्लॉवर्स' (२००९) हे याचे ठळक उदाहरण. ती मूळची जपानी चित्रकथा. तैवान, जपान आणि कोरिया अशा तिन्ही ठिकाणी तिच्या मालिका झाल्या आणि तिन्हीकडे चालल्या. गरिबाच्या मुलीने श्रीमंताच्या नजरेत भरावे, हे स्वप्न सर्व देशांत विकले जाते. त्यातला नायक मुलीचे मनगट धरून तिला ओढत नेतो आणि पार्श्वसंगीत सांगते की हे प्रेम आहे. आपल्या एस. टी. स्टँडवर कोणी असे केले तर आपण त्याला प्रेम म्हणणार नाही.

दुसरा दोष रूपाचा. गोरा, नितळ, सडपातळ चेहरा एवढेच सौंदर्य, असे या मालिका मुकाट्याने शिकवितात. गोरेपणाच्या क्रीमची आपल्याकडे आधीच काही कमी नाही. उन्हात द्राक्षाचे घड विरळणाऱ्या मुलीने ते चेहरे पाहून आपल्या रंगाची खंत करावी, हे मला मान्य नाही.

तिसरी गोष्ट दोष म्हणण्यापेक्षा उणीव आहे, आणि ती आपल्यापुरती आहे. कोरियन मालिकेत लग्नाच्या आड येतो तो पैसा. मुलाची आई मुलीला बोलावून घेते आणि नोटांचे पाकीट पुढे सरकविते, हे दृश्य नेहमीचे. आपल्याकडे लग्नाच्या आड काय येते, हे सांगण्याची गरज नाही. २०१६ मध्ये नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने ते दाखविले आणि चित्रपटगृहातून लोक मुक्याने बाहेर पडले. आमच्यापैकी काहीजणांना कोरियन प्रेमकथा आवडतात, त्याचे एक कारण मला असे वाटते की तेथे कोणी आडनाव विचारीत नाही. ही विश्रांती समजण्यासारखी आहे. पण विश्रांती म्हणजे उत्तर नव्हे.

आणि चौथे : तेथील पडद्यावर आपण कसे दिसतो? 'स्क्विड गेम'मध्ये अली नावाचा पाकिस्तानी कामगार आहे. ती भूमिका दिल्लीत जन्मलेल्या अनुपम त्रिपाठी यांनी केली आहे. मालकाने त्याचा पगार थकविला आहे. तो सर्वांना 'साहेब' म्हणतो, सर्वांवर विश्वास ठेवतो आणि त्या विश्वासापायीच फसतो. आमच्या खंडातला माणूस त्या चकचकीत देशात कोणत्या दाराने शिरतो, हे त्या पात्रावरून कळते. कोरियाची स्वप्ने पाहणाऱ्यांनी अलीलाही लक्षात ठेवावे.

मग आपण काय करावे?

बंदी घालणे किंवा नाके मुरडणे हा उपाय नव्हे. परदेशाकडे डोळस कौतुकाने पाहण्याची रीत आपल्याकडे आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'मध्ये जपानही येतो, आणि ते पुस्तक आपण प्रवासवर्णनाचा नमुना म्हणून वाचतो. त्यांनी बोटी-विमानाने जाऊन पाहिले, आम्ही मोबाईलवर पाहतो. पाहणे सारखेच, पाहून काय आणायचे हा प्रश्न आहे.

१९५०-५३ च्या युद्धानंतर कोरिया अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. ज्यांनी ती गरिबी पाहिली त्यांची मुले-नातवंडे आज या मालिका लिहितात आणि बनवितात. आपल्या आजीचा समुद्र, आईची खाणावळ, बापाची शेती यांना त्यांनी लाज मानली नाही, सामग्री मानली. आपल्याकडे ही सामग्री कमी आहे काय? याच जिल्ह्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' लिहिली, माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी' लिहिली. विष्णुदास भावे यांचे 'सीतास्वयंवर' १८४३ साली सांगलीत झाले. काळू-बाळूंचा तमाशा येथून जवळच्या कवलापूरचा. ज्या मातीत नाटक उभे राहिले, तमाशा वाढला आणि कादंबरी लिहिली गेली, तेथल्या माणसाला पडद्यावर आपली गोष्ट शोधायला जेजू बेटावर जावे लागावे, ही खरी खेदाची बाब आहे. साहित्यात आमची माणसे आहेत. पडद्यावर त्यांची जागा रिकामी आहे. आणि रिकामी जागा कोणी ना कोणी भरतेच.

बेदाण्याच्या शेडवर पंधरा-वीस बाया निवडायला बसतात. त्यांच्यात सोळा भागांच्या मालिकेला पुरून उरतील एवढ्या गोष्टी आहेत. कोणाचा नवरा मुंबईला गिरणीत होता, कोणी मुलाच्या फीसाठी मंगळसूत्र गहाण ठेवले, कोणी सही करायला साठाव्या वर्षी शिकले. या गोष्टी लिहिण्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. युवक महोत्सवातील एकांकिकेत, या वार्षिक अंकाच्या पानांत, इतकेच काय, मोबाईलवर काढलेल्या दहा मिनिटांच्या चित्रफितीतही त्या मावतील. ज्या मोबाईलवर आपण दुसऱ्यांची घरे पाहतो, त्यावर आपले घर टिपताही येते.

माझ्या मित्र-मैत्रिणींना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते की, मालिका जरूर पाहा. पण पाहून झाल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारा : यातले मला जे भिडले, ते माझ्या गल्लीत कोठे आहे? उत्तर सापडले तर ते लिहून काढा, आणि ज्या बोलीत सुचले त्याच बोलीत लिहा. प्राध्यापकांनी ते लेखन तपासताना 'ग्राम्य' म्हणून त्यावर लाल रेघ मारू नये, अशी नम्र विनंती आहे. शेडवरच्या बायांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोलहून येणार नाही. ते तासगावातच कोणीतरी लिहावे लागेल.